अंदाजपंचे शब्दकोश

सरांच्या तोंडून त्या दिवशी ‘चाललंय’ऐवजी ‘होत आलंय’ असं गेलं, आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

संशोधन करणाऱ्या माणसाने ‘चाललंय’च म्हणावं. ‘चाललंय’ला तारीख नसते. ‘चाललंय’ म्हणत म्हणत कितीतरी सज्जन सन्मानाने निवृत्त झालेले आहेत. पण विभागप्रमुख व्हरांड्यात अचानक समोर आले तेव्हा सरांच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि बगलेतली छत्री हळूहळू खाली सरकत होती. अशा अवस्थेत माणूस शब्द निवडून बोलत नाही.

“तुमचं ते शब्दकोशाचं कुठवर आलं?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“होत आलंय,” सर म्हणाले.

“वा! मग तपासणी समितीला तेच दाखवू.”

छत्री पडली.

ही समिती म्हणजे साधीसुधी नव्हती. कॉलेजातला संख्याशास्त्र विभाग ठेवायचा की वाणिज्य विभागात मिसळून टाकायचा, हे ती ठरवणार होती. वाणिज्य विभाग मोठा आणि गोंगाटाचा. तिथे शिक्षकांना खुर्च्या कमी असल्यामुळे जो आधी उठेल त्याची खुर्ची जात असे. सरांची स्वतःची खोली होती, तिला खिडकी होती, आणि खिडकीबाहेर एक झाड होतं. ते झाड आता आपल्याला वाणिज्यच्या जिन्यातून बघावं लागणार, या विचाराने सर त्या दिवसापासून रोज दहा मिनिटं लवकर येऊन खिडकीशी बसू लागले.

कोशाची कल्पना तशी छान होती. माणूस शब्दकोश करतो तेव्हा आधी अर्थ ठरवतो आणि मग लिहितो. सरांचा संगणक उलटा जाणार होता. त्याला लोकांचं खरंखुरं बोलणं ऐकवायचं; कोणत्या शब्दाच्या आगेमागे काय येतं, बोलून झाल्यावर पुढे काय घडतं, हे तो टिपणार; आणि त्यावरून ‘या शब्दाचा अर्थ बहुधा असा असावा’ असा अंदाज बांधून स्वतःच कोश लिहिणार. सरांचा सगळा अभ्यास या ‘बहुधा’वर होता. थोड्याशा नमुन्यावरून मोठा अंदाज कसा बांधावा, यावर त्यांनी मोठाले निबंध लिहिले होते, आणि ते बहुधा कोणीही वाचले नव्हते.

आता कल्पना होती, संगणक होता, फक्त ऐकवायला बोलणं नव्हतं.

रोजच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा एका सरकारी कार्यालयात पडून आहे, असं सरांना कळलं. ते अर्ज घेऊन तळमजल्यावरच्या खिडकीशी उभे राहिले.

“काम यंत्राचं की भाषेचं?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“दोन्हीचं. यंत्राला भाषा शिकवायची आहे.”

“शिकवायचं असेल तर शिक्षण. तिसरा मजला.”

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला. “विद्यार्थी कोण?”

“यंत्र.”

“वय?”

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे सरांनी मनाशी हिशेब केला आणि सांगितलं, “सात महिने.”

“मग लहान आहे हो फार. लहान मुलांचं खातं समोरच्या इमारतीत.”

गोष्टींचं वर्गीकरण कसं करावं हाच ज्यांचा विषय, त्या सरांचं वर्गीकरण त्या कार्यालयाला संध्याकाळपर्यंत जमलं नाही. अखेर तळमजल्यावरच्या बाईंना दया आली आणि त्यांनी अर्ज ठेवून घेतला. सर आशेने वाट पाहू लागले. काही दिवसांनी त्यांच्या खोलीत हत्यारांची पिशवी खांद्याला लावलेला एक माणूस आला आणि म्हणाला, “बंद पडलेलं यंत्र कुठे आहे?”

“बंद पडलेलं नाही. त्याला बोलणं ऐकवायचंय.”

त्या माणसाने संगणकाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, मग पुन्हा संगणकाकडे पाहिलं. कान लावला. पाठीमागे एक थाप मारून पाहिली. आणि ‘यंत्र चालू, पण बोलत नाही, दुरुस्तीपलीकडे’ असा शेरा लिहून एक प्रत थेट विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवून तो निघून गेला. विभागप्रमुखांनी सरांना बोलावलं. नुसता तो कागद सरांच्या दिशेने फिरवून ठेवला. ओरडले असते तर परवडलं असतं.

त्या संध्याकाळी घरच्या जिन्यात सरांची गाठ पोस्टमास्तरांशी पडली. पोस्टमास्तर समोरच्या घरात राहत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण जगातली कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठल्या खणात टाकायची याचा विचार ते अजूनही करत. त्यांनी सरांचा चेहरा पाहिला आणि सगळी हकीकत काढून घेतली.

“बोलणंच हवंय ना?” ते म्हणाले. “मग तिकडे कशाला खेटे घालता? या जिन्यात दिवसभर कमी पडतं का?”

आपल्याला हे सुचलं नाही याचं सरांना जरा वाईट वाटलं. थोड्या नमुन्यावर अंदाज बांधणं हेच तर आपलं काम! आणि इमारत हा काय वाईट नमुना होता? वर गाण्याचे वर्ग घेणाऱ्या सरगमबाई, समोर पोस्टमास्तर, घरात आपण आणि आपली बायको, जी शहराच्या ग्रंथालयात नोकरी करत होती. माणसं शिकलेली, बोलकी. कोशात आपलं बोलणं येणार म्हटल्यावर सगळ्यांनी हसत हसत परवानगी दिली. सरांनी जुने फोन जमवले आणि एक स्वयंपाकघरात, एक जिन्यात आणि एक खाली बाकाजवळ लावला.

पहिले काही दिवस वाया गेले. फोन दिसला की माणसं आकाशवाणीवर असल्यासारखी बोलू लागली. सरगमबाईंनी दूधवाल्याला “आपण दूध आणलंत, मी आपली ऋणी आहे” असं सांगितलं. तो इतका बिचकला की दुसऱ्या दिवशी पिशवी दाराशी ठेवून बेल न वाजवताच पळाला. पोस्टमास्तर बाकावर बसून फोनला आपल्या नोकरीच्या आठवणी सांगत राहिले, आणि फोनला उठून जाता येत नसल्यामुळे त्यांना आयुष्यात प्रथमच पूर्ण ऐकणारा श्रोता लाभला.

पण माणूस फार दिवस शुद्ध बोलू शकत नाही. हळूहळू सगळे फोन विसरले आणि इमारत पूर्ववत बोलू लागली.

आता पुढचं काम होतं. प्रत्येक वाक्यावर ते विनंती आहे, राग आहे, आपुलकी आहे की धमकी, अशी खूण माणसानेच करायची होती. त्यावरून संगणक शिकणार होता. खणात टाकायचं काम म्हटल्यावर पोस्टमास्तरांनी बाह्या सरसावल्या. त्यांची मतं पक्की होती. सरगमबाईंचं प्रत्येक वाक्य त्यांनी ‘धमकी’त टाकलं, ‘दार लावून घ्या हं’सुद्धा. हे कळल्यावर सरगमबाई खाली आल्या आणि त्यांनी पोस्टमास्तरांच्या वाक्यांवर खुणा करायला घेतल्या. सरांनी चार खणांखेरीज, अर्थ नसलेल्या आवाजांसाठी, एक रिकामा खणही ठेवला होता. बाईंनी पोस्टमास्तरांचं सगळं बोलणं त्या रिकाम्या खणात टाकलं.

सरांना हे दिसत होतं. पण समिती जवळ येत होती, आणि दोन्हीकडच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात असं काहीसं त्यांनी एका निबंधात लिहिलेलंही होतं.

कोशाचा पहिला मसुदा बाहेर आला तेव्हा सर खोलीत एकटेच होते. ही मात्र देवाची कृपा.

‘उद्या: गळका नळ दुरुस्त होण्याचा दिवस. हा येत नाही.’

‘बघू: नाही.’

‘पाच मिनिटं: सांगता न येण्याजोगा मोठा काळ.’

‘विद्वान: गॅस चालू ठेवून बाहेर जाणारा माणूस.’

‘संख्याशास्त्र: घरातल्या कामातून सुटण्याचा मार्ग. उदा. “त्यांना काही सांगू नका, त्यांचं संख्याशास्त्र चाललंय.”’

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी ताबडतोब गणित तपासलं, कारण दुखावलेला संख्याशास्त्रज्ञ दुसरं काय करणार? गणितात एकही चूक नव्हती.

नमुना बिघडलेला आहे, असं त्यांनी ठरवलं, आणि तो सुधारण्याच्या मोहिमेवर ते स्वयंपाकघरात गेले. बायको भांडी पुसत होती.

“एक काम कर. ‘उद्या’ हा शब्द घालून साधी, सरळ वाक्यं बोल बघू.”

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “उद्या मंगळवार आहे.”

“छान! आणखी.”

“उद्या ग्रंथालयाला सुट्टी नाही.”

“उत्तम. आणखी एक.”

“उद्या तरी तो नळ दुरुस्त करा.”

सर परत आले.

परवानगी घेताना ठरल्याप्रमाणे मसुदा आधी इमारतीला दाखवायचा होता. सरांनी त्या दिवशी आख्खी दुपार घालवून ‘विद्वान’, ‘संख्याशास्त्र’ आणि आपल्याला झोंबणारे बाकीचे शब्द काढून टाकले. इतरांना झोंबणारे शब्द काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. हा काही दुष्टपणा नव्हता; आपल्याला टोचतं ते काढून झालं की माणसाला पाऊलवाट साफ झाल्यासारखी वाटते, इतकंच.

संध्याकाळी बाकावर सगळे जमले. पोस्टमास्तरांनी मोठ्या आवाजात वाचायला घेतलं. “‘सूर: शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेण्याचं कारण.’” ते थांबले आणि समाधानाने म्हणाले, “यंत्राला जाण आहे.”

सरगमबाईंनी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला. “‘माझ्या नोकरीच्या काळात: हे ऐकताच ऐकणाऱ्याला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं.’”

पोस्टमास्तरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. रागापेक्षा त्यात आठवणं जास्त होतं. कोण कोण कधी कधी गॅसकडे धावलं ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं.

“माझे शब्द मला परत द्या,” ते म्हणाले.

“माझेही,” सरगमबाई म्हणाल्या.

“तसे काढता येत नाहीत हो,” सर घाबरून म्हणाले. “सगळ्यांचे मिसळलेत आता. चहातून साखर कशी काढणार?”

“ते तुम्ही बघा. परवानगी आम्ही दिली होती, आता आम्ही काढून घेतो. उद्या तुमच्या समितीसमोर येऊन सांगतो.”

आणि समिती खरोखरच उद्या होती.

दुसऱ्या दिवशी सर सभागृहात पोचले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. त्यांनी रात्रीतून काही नवं केलं नव्हतं. फक्त सात-आठ निरुपद्रवी शब्द निवडून ठेवले होते. टेबल, झाड, चमचा. चमच्याने कोणाचं मन दुखावेल असं त्यांना वाटत नव्हतं. इतक्यात दारातून पोस्टमास्तर आले. मागे सरगमबाई. आणि त्यांच्या मागे, ग्रंथालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकून, सरांची बायको.

“तू कशाला आलीस?” सरांनी हळूच विचारलं.

“हे दोघं तुम्हाला एकटं गाठणार म्हणून,” ती म्हणाली आणि जाऊन मागच्या रांगेत बसली.

विभागप्रमुखांना इमारतीचा तंटा माहीत नव्हता. अनोळखी माणसं पाहून त्यांनी ती प्रेक्षक म्हणून मोजली आणि ‘यंत्रात आमचे शब्द आहेत’ एवढंच ऐकून पोस्टमास्तर व सरगमबाईंना “प्रकल्पात सहभागी झालेले नागरिक” म्हणून पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. सन्मानाने बसवल्यावर लगेच भांडायला उठणं अवघड जातं. दोघंही तक्रारीचे कागद मांडीवर ठेवून ताठ बसले.

समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या, भाषेच्या अभ्यासक होत्या, आणि सकाळपासून त्या एकदाही हसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. वाणिज्य विभागाने त्यांना पुष्पगुच्छ दिला होता. तो त्यांनी वासही न घेता बाजूला ठेवला होता.

‘झाड’ नीट पार पडलं. ‘टेबल’ही. ‘चमचा’ पडद्यावर आला तेव्हा सरांनी रुमाल काढून मान पुसली.

“थांबा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “ही नामं कोणीही सांगेल. यंत्राला माणसं कळतात का ते बघायचंय मला. ‘अहो’ काढा.”

सरांनी कळ दाबली. हा शब्द त्यांनी तपासलेलाच नव्हता. इतक्या लहानशा शब्दाकडे कोण लक्ष देतं?

पडद्यावर अक्षरं उमटली. अध्यक्षबाईंनी “मोठ्याने वाचा” असं सांगितल्यामुळे सर वाचू लागले.

“‘अहो: स्त्रीने पुरुषाला उद्देशून काढलेला उद्गार. याला सहसा उत्तर येत नाही.’”

सभागृहात खसखस पिकली. विभागप्रमुख हसले. समितीतले दोघं हसले. पोस्टमास्तरही तक्रार विसरून हसले. सरही कसनुसं हसले आणि पुढे वाचत गेले.

“‘उदाहरणं. “अहो, ऐकताय का?” उत्तर नाही. “अहो, दार वाजतंय.” उत्तर नाही. “अहो, मला मुख्य ग्रंथपाल केलं.” उत्तर...’”

सर थांबले.

त्यांनी ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. मग समिती, विभागप्रमुख, खिडकी आणि झाड, सगळं विसरून त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं.

“तुला मुख्य ग्रंथपाल केलं?”

सगळ्या माना मागे वळल्या.

“हो,” बायको म्हणाली. तिला बसल्या जागी जमीन दुभंगली तर बरी असं झालं होतं.

“कधी?”

“झाले दोन महिने.”

“मला का नाही सांगितलंस?”

तिने नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं.

“आम्हाला माहीत होतं,” पुढच्या रांगेतून पोस्टमास्तर म्हणाले. “चहाला बोलावलं होतं त्यांनी सगळ्यांना. तुम्हीही होतात की!”

“तो चहा...” सर म्हणाले. “मला वाटलं आपली बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली म्हणून.”

यावर मात्र कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण सरांचा चेहरा पाहून कोणाला धीर झाला नाही. विभागप्रमुख पुढे झाले. “बाई, हा नमुना जरा घरगुती आहे, आपण दुसरा शब्द...”

“दुसरा नको,” अध्यक्षबाई म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या. “तुमच्या मते हा अर्थ बरोबर आहे का?”

सरांच्या समोर सोपा रस्ता होता. नमुना लहान आहे, एकाच इमारतीतला आहे, खुणा करणारी माणसं पूर्वग्रहदूषित आहेत, असं सांगून सुटता आलं असतं; आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पण ज्याला आपण इतके महिने वाढवलं त्याला भर सभेत खोटं पाडणं त्यांच्याने होईना.

“भाषेत याचा अर्थ असा नाही,” ते म्हणाले. “आमच्या घरात मात्र असा आहे. यंत्राने ऐकलं ते बरोबर ऐकलं. मी त्याच घरात होतो, मी नाही ऐकलं.”

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहिलं. मग त्यांनी पुढच्या रांगेतल्या नागरिकांना विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

पोस्टमास्तरांनी मांडीवरचा कागद पाहिला. सरगमबाईंनीही आपला पाहिला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, बऱ्याच वर्षांत प्रथमच खिडकी मध्ये न ठेवता.

“आमचं काही नाही,” पोस्टमास्तर म्हणाले. “आमचे शब्द राहू द्या यंत्राकडे. एक विनंती आहे. माझ्या नोकरीच्या काळात...”

सरगमबाईंनी त्यांचा कोपर धरून त्यांना खाली बसवलं.

समितीचा निकाल त्याच दुपारी कळला. विभाग राहिला, पण एका अटीवर: पुढच्या वर्षी कोश पुरा करून दाखवायचा, आणि तो एका इमारतीपुरता नसावा. म्हणजे झाड आणखी एका वर्षापुरतं. विभागप्रमुखांनी सरांचा हात हातात घेऊन दाबला आणि विचारलं, “मग, कोश होत आलाय ना?” सर म्हणाले, “चाललंय.”

पोस्टमास्तर आणि सरगमबाई रिक्षाने पुढे गेले. कोणी कुठे बसायचं यावरून त्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. सर आणि त्यांची बायको चालत निघाले.

चौकातला सिग्नल लागला तेव्हा सर म्हणाले, “सांग.”

“काय सांगू?”

“सगळं. पहिल्यापासून. तुला बोलावलं कोणी, काय म्हणाले ते.”

“आता काय त्याचं? जुनं झालं.”

“मला नवीनच आहे.”

तिने त्यांच्याकडे बाजूने पाहिलं. मग ती सांगू लागली. आधी तुटक तुटक, चौकशीला उत्तरं द्यावीत तशी. पण मोठ्या साहेबांनी तिला खोलीत बोलावलं आणि तिला वाटलं, आपल्या हातून दुर्मीळ पुस्तकांचं कपाट उघडं राहिलं म्हणूनच बोलावलंय, इथपर्यंत आल्यावर तिचे हात हलायला लागले. कपाटाची कबुली तिने आधीच देऊन टाकली होती म्हणे, आणि साहेबांना तोवर कपाटाचं काही माहीतच नव्हतं.

“अगं, मग?” सर म्हणाले.

“मग काय, बढतीचं पत्र आणि कपाटाबद्दल समज, दोन्ही एकाच लिफाफ्यात.”

सर रस्त्याच्या मधोमध थांबून मोठ्याने हसले. मागून एक सायकलवाला ओरडला. इतकी मजेशीर बायको आपल्या घरात राहते, आणि आपल्याला हे जुन्या फोनकडून कळावं, या विचाराने त्यांचं हसू मधेच जरा अडकलं. पण ती पुढे सांगतच होती, तेव्हा त्यांनी तो विचार बाजूला ठेवला, कारण विचार करायला लागलं की त्यांना ऐकू येत नसे.

इमारत आली तेव्हा नव्या कामातली पहिली सभा अजून सांगायची राहिली होती. फाटकाशी सर घुटमळले. घरात शिरलं की कोणीतरी गॅस लावणार, कोणीतरी उत्तरपत्रिका काढणार. त्यांनी बायकोला खुणेनेच पुढे चल म्हटलं, आणि दोघं इमारतीला वळसा घालून पुन्हा फाटकाशी आले. मग आणखी एक वळसा.

तिसऱ्या खेपेला पोस्टमास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काय हो, काही हरवलंय का?”

“थांबा जरा,” सर वर न पाहताच हात करून म्हणाले. “ती सांगतेय.”